तुम्ही विचारलंत म्हणून : काका, तुमचं विमान कुठंय?

देवगडात कुणाच्या लग्नाला गेलो की हा प्रश्न ठरलेला. “काका, इतकी वर्सां बंगळुरात विमानांच करीत होतास मां? मगे चिपीक तुमचा एक तरी विमान उतारता?”

नाही उतरत. मी एनएएलमध्ये, म्हणजे नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये होतो. सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची 1959 सालची प्रयोगशाळा, कारखाना नव्हे. (इस्रोही नव्हे, पण गावात मी ‘इस्रोवालो’च.)

माझ्या नोकरीची वर्षं गेली ‘विंड टनेल’मध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात. मॉडेल ठेवायच्या जागी 1.2 मीटर रुंद असलेला हा बोगदा 1967 पासून चालू आहे. हवा दाबून मोठाल्या टाक्यांत भरायची नि झडप उघडायची. ध्वनीच्या चौपट वेगापर्यंत वारा सुटतो, तो काही सेकंदच. समोर मागून दांडीवर धरलेलं विमानाचं छोटं मॉडेल. त्याच्या पोटात ‘बॅलन्स’ : वारा मॉडेलला किती उचलतो, किती मागे रेटतो, ते मोजणारा धातूचा तुकडा. त्या सेकंदांसाठी तयारी मात्र कित्येक दिवस चालते.

आणि हवा कोरडी ठणठणीत हवी. एवढ्या वेगात हवा प्रसरण पावते, एकदम गारठते. ओल असली तर आतच धुकं धरतं आणि आकडे वाया. आपली जूनमधली पापड सादळवणारी हवा तिथे दारातही उभी करणार नाहीत.

तेजस 4 जानेवारी 2001 ला पहिल्यांदा उडालं. त्याची मॉडेलं आधी याच बोगद्यात तपासली होती, इस्रोच्या रॉकेटांचीही. आमचा माल म्हणजे आलेख. तो ज्याला हवा तो घेऊन जातो, विमान त्याचं.

एनएएलची स्वतःची विमानंही आहेत. दोन आसनी ‘हंस’वर फ्लाइंग क्लबांतली पोरं शिकली. ‘सरस’ 2004 मध्ये उडालं. 2009 मध्ये चाचणीतच एक सरस कोसळलं, हवाई दलाचे तिघे गेले. “सरकारी कामाक येळ लागताच” म्हणून हसणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. दिरंगाई असते, नाकारत नाही. पण प्रत्येक उशीर आळसाचा नसतो.

आता पुढचा प्रश्न, भाच्याला कुठे घालू? एअरोस्पेसच हवं असं काही नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, धातुशास्त्र, सगळ्यांना काम आहे. आयटीआयवाल्यालाही. बॅलन्सवर नखाएवढे स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते सांगणाऱ्या पट्ट्या) चिकटवायचे असतात. ते जरा तिरके बसले तर पीएचडीवाल्यांचे आकडेही तिरकेच येणार.