कारवानच का? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या कारवान जातीच्या कुत्र्याकडे बघून लोक दोन प्रश्न विचारतात. रस्त्यातला प्रश्न असतो, "याला खायला घालता की नाही?" घालतो. पळण्यासाठीच जोपासलेली ही जात. छाती खोल, पोट आत गेलेलं, शेवटच्या बरगड्या दिसणाऱ्याच. कारवान गुबगुबीत दिसला तर त्याच्या मालकाची चौकशी करावी.

दुसरा प्रश्न स्वतः पिल्लू घ्यायच्या बेतात असलेल्यांचा. चांगला लॅब्रॅडॉर सोडून हे शिकारी कुत्रं कशाला आणलंत, तेही घरात पोरं असताना?

आम्ही सोलापूरकडचे. इथल्या वाड्या-वस्त्यांवर कारवान पूर्वीपासून आहेत. सीमा ओलांडून कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात गेलं की तिथल्या मुधोळ गावावरून याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली आणि मुधोळचं नाव झालं, असं सांगतात. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र आजही ‘कारवान हाउंड’ म्हणूनच नोंद करतो. 2005 मध्ये या कुत्र्यावर टपाल तिकीट निघालं, लष्कराने मेरठला त्याला प्रशिक्षण दिलं, 2020 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी जातींबद्दल बोलताना त्याचं नाव घेतलं. अभिमान वाटतो, जरूर वाटतो. पण तिकिटावर आहे म्हणून कुणी कुत्रं पाळू नये.

आमचं कारण साधं होतं: ऊन. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यात कोळ्यांबरोबर काम करायचे, म्हणून त्याच्या अंगावर केसांचे दोन थर. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की त्याला एसी लावा, नाहीतर दिवसभर धापा टाकताना बघा. कारवानची कातडी पातळ, केस आखूड. उन्हाचा त्रास त्यालाही होतोच, दुपारी आम्हीही त्याला बाहेर काढत नाही, पण फरशीवर अंग टाकलं की त्याचं भागतं. अंगाला फारसा वास नाही, उगाच भुंकणं नाही. घरात तो आहे हे पाहुण्यांना चहा होईपर्यंत कळत नाही.

पोरांचं म्हणाल, तर तो त्यांच्या अंगावर उड्या मारत नाही, कंटाळला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. मात्र मागून अचानक धरलेलं त्याला खपत नाही. म्हणून झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला नियम. आणि धाकटी एकटी त्याच्याजवळ नसते. परक्याने गोंजारायला हात पुढे केला की तो मागे सरतो. येईल त्याच्या मांडीवर डोकं ठेवणारं कुत्रं हवं असेल, तर हा तुमचा नव्हे.

खरी अडचण त्याच्या डोळ्यांची. हा वासावर नाही, नजरेवर शिकार करणारा. लांब काहीतरी हललं की गेला. तुम्ही हाका मारत बसा. मांजर, शेजारची कोंबडी, ससा, त्याला सगळं सारखंच. सशाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ‘शिकारी कुत्रा आहे, जरा दाखवू’ ही हौस विसरायची. आम्ही कुंपण घातलेल्या रानात पहाटे सोडतो, रस्त्यावर पट्टा कायम. पळून आल्या आल्या जेवण नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. दूध-भाकरीवर ही कुत्री वाढली हे खरं, पण आम्ही अंडी आणि मटणही देतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर हा कारवान आहे हे डॉक्टरांना आधी सांगावं. अशा कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी असते आणि भुलीची काही औषधं त्यांना जड जातात.

आता तुमच्यापुरतं. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दोघंही संध्याकाळी सातला घरी, असं असेल तर माझं उत्तर ‘घेऊ नका’. गल्लीतलं एखादं पिल्लू बघा, ते तुम्हाला सांभाळून घेईल. जागा आणि पहाटेचा वेळ दोन्ही असेल, तर पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी हातात ठेवत असेल तर तिथून सरळ परत या. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबद्दलच्या 2017 च्या नियमांनुसार तशी विक्रीच करता येत नाही.