मधल्या खोलीची खिडकी

मागच्या बाजूला एक खोली वाढवायची, एवढंच ठरलं होतं. कागदावर ते सोपं दिसतं: मोकळी जागा घ्यायची, तीन भिंती उभ्या करायच्या, वर स्लॅब टाकायचा. पण घर लहान असलं की नव्या खोलीची किंमत जुन्या खोल्यांना मोजावी लागते. आमच्या मधल्या खोलीला एकच खिडकी, तीही नेमकी मागच्या भिंतीत. नवी खोली पूर्ण रुंदीची घेतली असती तर ती खिडकी बाहेर न उघडता दुसऱ्या खोलीत उघडली असती. मग वारा बंद आणि भर दुपारी दिवा लावायची वेळ. त्या खोलीत आई दिवसभर असते. गुडघ्यांमुळे तिचं बाहेर जाणं कमी झालंय, वाचन तेवढं त्या खिडकीशी बसून चालू असतं.

म्हणून खिडकीसमोरची चार फुटांची पट्टी उघडी सोडायची, हा हट्ट मी धरला. दादाचा हिशोब चोख होता: चार बाय बारा, म्हणजे ४८ चौरस फूट जागा आपण हातची घालवतोय. जागेची चणचण त्यालाही आहे, मला राग आला नाही. पण चौरस फूट मोजता येतात म्हणून तेच खरे, हे मला पटत नाही. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जेवढा उंच, त्याच्या साधारण दोन-अडीच पट अंतरापर्यंतच कामाचा उजेड आत पोचतो. तो उजेड यायला खिडकीपुढे आकाश लागतं. आई या वादात काही बोलली नाही. ती बोलणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच मी बोलले.

आज मागचं दार रुंद करायचं काम झालं. भिंत नऊ इंची विटांची आणि जुन्या छताचा भार तिच्यावरच, त्यामुळे थेट घण घालायचा प्रश्नच नव्हता. आधी छताला आतून टेकू दिले. मग मिस्त्रींनी दाराच्या वर भिंतीच्या अर्ध्या जाडीत खाच घेतली, तीत तुळई बसवली, वरची फट घट्ट मसाल्यानं ठासून भरली. तो मसाला पक्का झाल्यावर दुसऱ्या बाजूनं तेच. हे सगळं आधीच उरकलं होतं. आज खालच्या विटा काढल्या, त्याही हातोडी-छिन्नीनं, एकेक करून. तुळईला दोन्ही टोकांना सहा इंचांच्या वर टेक मिळालीय, मी टेप लावून पाहिलं. टेकू मात्र इतक्यात काढायचे नाहीत. मिस्त्री म्हणाले, “ताई, घाई करू नका, भिंतीला नव्या आधाराची सवय होऊ दे.”

जुनं आणि नवं बांधकाम जिथे भेटतं त्या जागेची मला जास्त काळजी आहे. जुना पाया कधीच बसलाय. नवा पाया वर भार आला की थोडाफार बसणारच. दोन्ही एकजीव करून वरून प्लास्टर ओढलं तर सांध्यावर भेग ठरलेली. इंजिनिअरबाईंनी तिथे मुद्दाम सरळ फट ठेवायला सांगितलीय. ती लवचीक सीलंटनं भरायची आणि वरून पट्टी लावायची. दिसायला एक रेघ राहील. राहू दे.

स्लॅब अजून लांब आहे. तो पडला की पाणी मारायचं काम माझ्याकडे. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशोबानं धरतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यात ते सुकू दिलं तर ती ताकद पुढे भरून निघत नाही.

उघड्या पट्टीचा मात्र नीट विचार व्हायला हवा. पावसाचं पाणी तिथे साचलं तर ओल थेट आईच्या भिंतीत चढेल. फरशी घराच्या जोत्यापेक्षा खाली ठेवायची, उतार खिडकीपासून दूर, टोकाला जाळी लावलेलं नहाणीट्रॅप. समोरच्या नव्या भिंतीला पांढरा रंग, म्हणजे आत येणारा उजेड वाढेल. दादानं आज स्वतःहून विचारलं की तिथे वरून जाळी टाकायची का. टाकायची, पण पत्रा नाही. उद्या मिस्त्री आले की पाइप कुठून काढायचा ते आधी ठरवून घेते, कारण एकदा फरशी बसली की तो बदलणं जमायचं नाही.