आमची वाटचाल : आधी ओंडके, मग ट्रक

जळगावात आमचं काम सुरू झालं ते इमारतींच्या प्रतिकृतींपासून. फोमबोर्ड, स्टायरीन (मॉडेलांसाठीचं पातळ प्लास्टिक), अॅक्रिलिक कापायची सवय तिथेच लागली आणि ट्रकच्या प्रतिकृतींची कामं येऊ लागल्यावर ती उपयोगीही पडली. अडचण एकच होती. इमारतीच्या मॉडेलला वजन दाखवावं लागत नाही. सातपुड्यातून सागाचे ओंडके भरून उतरणाऱ्या ट्रकला ते दाखवावंच लागतं. म्हणून आमची सुरुवातीची मॉडेलं खेळण्यासारखी दिसायची. केबिन हुबेहूब, रंग नीट, पण पाठीवर पाच टन माल असून गाडी रिकामी असल्यासारखी ताठ उभी. तेव्हापासून क्रम उलटा केला. आता आधी ओंडके, मग टायर आणि पाटे (भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या), मग चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि केबिन सगळ्यांत शेवटी.

मागणी बहुतेक यावल, रावेर, शहादा, तळोदा या पट्ट्यातल्या, एकेकाळी वखार किंवा मालवाहतूक असलेल्या घरांतून येते. सोबत एखादा फोटो असतो, तोही समोरून काढलेला, आणि त्यात ट्रकपेक्षा माणसंच जास्त. गाडी बहुतेक वेळा लांब नाकाची टाटा मर्सिडीज असते. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ चा. १९६९ मध्ये तो संपला आणि समोरचा तारा जाऊन टाटांचा ‘टी’ आला. फोटो १९६२ चा आणि नाकावर ‘टी’, अशी चूक जाणकार माणूस दुरूनच पकडतो. नंबरप्लेटचंही तेच. एमएच-१८, एमएच-१९ ही पद्धत १९८९ नंतरची. त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. दारावर ‘जि. नंदुरबार’ रंगवून मागणारेही भेटतात. तो जिल्हा झाला १९९८ मध्ये, त्यामुळे जुन्या गाडीवर धुळेच हवं.

जर्मन गाडीचे आराखडे किंवा तयार किट घेऊन काम भागेल असं वाटतं, पण भागत नाही. एक तर आपलं स्टीअरिंग उजवीकडे. दुसरं म्हणजे आपल्याकडे चासी आणि बोनेट कारखान्यातून यायचं, मागची केबिन आणि हौदा गावातला बॉडी बांधणारा मिस्त्री करायचा. सागाच्या चौकटीवर पत्रा ठोकलेल्या अशा दोन केबिन सहसा एकसारख्या सापडत नाहीत. म्हणून बोनेटपर्यंतचा भाग मापाने करतो आणि त्यामागचा फोटोवरून.

फोटोवरून माप काढताना एक सापळा आहे. या ट्रकच्या ९.००-२० मापाच्या टायरची रिम २० इंची, म्हणजे ५०८ मिमी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते माप टायर जिथे बसतो तिथलं आहे. फोटोत दिसतो तो रिमचा बाहेरचा काठ, आणि तो दोन्ही बाजूंनी तीन-साडेतीन सेंटीमीटर वर आलेला असतो. दिसणाऱ्या काठालाच ५०८ धरलं तर अख्खा ट्रक दहा टक्क्यांहून जास्त छोटा निघतो. आम्ही पूर्ण टायरचा व्यास धरतो : नव्या ९.००-२० ला साधारण १,०१८ मिमी, म्हणजे १:२४ ला, मूळच्या चोविसाव्या भागाला, ४२.४ मिमी. तोही मागच्या चाकाचा, कारण पुढचं चाक वळलेलं असू शकतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ४,२०० मिमी असेल तर मॉडेलवर १७५ मिमी येतं. प्रमाण १:२४ च का, तर त्यात मॉडेल कपाटाच्या फळीवर मावतं. १:१६ मध्ये पाट्यांचं काम सोपं होतं, पण ग्राहकाच्या घरात जागा नसते.

आता ओंडके. इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट जातं. समजा, सहा मीटर लांब आणि १२० सेंटीमीटर गोलाईचा ओंडका आहे. त्याचा व्यास ३८ सेंटीमीटर, म्हणजे मॉडेलवर १६ मिमी जाड आणि २५० मिमी लांब. वखारवाला चौथाई गोलाईने, म्हणजे गोलाईच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी असा, हिशेब करून ०.५४ घनमीटर सांगेल. तो हिशेब कापल्यावर हाती लागणाऱ्या मालाचा असतो. वजनासाठी खरं घनफळ घ्यावं लागतं आणि ते ०.६९ च्या आसपास येतं. सुका साग घनमीटरला साधारण ६५० किलो धरला तर एक ओंडका साडेचारशे किलोचा झाला. साडेचार-पाच टनांच्या गाडीवर असे दहा-अकराच बसतात, ओला माल असेल तर त्याहून कमी. केबिनच्या टपापर्यंत तीस ओंडके रचून मागणारे असतात. मालाची ओव्हरलोडिंग आपल्याकडे नवी नाही हे मान्य, पण तेवढ्या मालाखाली पाटे उलटे वाकलेले दाखवावे लागतील, हे आम्ही आधीच सांगतो.

सागाची फांदी वापरून सागाचे ओंडके होत नाहीत. कोवळी फांदी चौकोनी असते आणि आत भेंड, त्यामुळे कापलेलं तोंड लगेच चुगली करतं. आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं खोड, वापरतो. खानदेशात ती मागावीही लागत नाही; गुलाबी बोंडअळीच्या भीतीने शेतकरी वेचणी संपली की उपटतोच. कोरडवाहू झाड बारीक पडतं, बागायती कपाशीचा बुडखा हवा. दहा सरळ तुकडे मिळवायला पंचवीस-तीस झाडं चाळावी लागतात, कारण २५० मिमीत फांदीचा डोळा नसलेली जागा क्वचितच मिळते. महिनाभर सावलीत वाळवल्यावर साल सुटायला लागते. तिथे पातळ सुपरग्लू सोडायचा. तोंडं वाळल्यावरच बारीक दातांच्या करवतीने कापायची. ओली असताना कापली तर चिरतात.

वाळवल्यानंतरची पायरी बरेच जण गाळतात आणि चार महिन्यांनी काचेच्या पेटीत भुकटी पडलेली दिसते. आत कीड राहिलेली असते. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग अर्धा तास राहिलं पाहिजे. त्यासाठी आम्ही तुकडे ओव्हनमध्ये ७० अंशांवर दोन तास ठेवतो. आच वाढवली तर साल कुरकुरीत होऊन गळते.

पऱ्हाटीची साल तांबूस असते, सागाची करडी. कोरड्या ब्रशने फिका करडा लांबीच्या दिशेने ओढायचा. तोंडावर मधला गाभा सोनेरी तपकिरी आणि बाहेरची कड फिकट, ही सागाची ओळख. त्यावर क्रमांक आणि मापं, आणि वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का. पाच सेंटीमीटरचा आकडा मॉडेलवर दोन मिमी होतो. तो हाताने लिहिण्यापेक्षा पाण्याने सुटणारं डिकॅल बरं. रचताना वरचा ओंडका खालच्या दोघांच्या खोबणीत बसला पाहिजे. नुसता गोंद लावला तर प्रवासात सुटतो, म्हणून प्रत्येक टेकणीवर १ मिमी पितळी तार आरपार घालतो. बांधायची साखळी सराफ बाजारात मिळते, बेंटेक्सच्या दागिन्यांची. कडी दोन मिमी लांब आणि गोल तारेची घ्यायची. चपटी केलेली कडी चमकते आणि साखळीचा दागिनाच राहतो. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं विसरायचं नाही.

टायर पूर्वी तयार घ्यायचो, मऊ व्हिनाइलचे. वर्षभरात त्यांनी स्टायरीनच्या रिम्स वितळवल्या. व्हिनाइलमधलं तेलकट द्रव्य प्लास्टिकमध्ये उतरतं. रंगाचा थर त्याला फार काळ अडवत नाही. आता सातही टायर, म्हणजे सहा आणि एक स्टेपनी, सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेनचे ओततो. साच्याचा मूळ नमुना रेझिनच्या थ्रीडी प्रिंटचा असेल तर प्लॅटिनम सिलिकॉन त्याच्यालगत चिकटच राहतं, नमुन्यावर आधी लाखेचा थर द्यावा लागतो. पावसाळ्यात पॉलियुरेथेन हवेतली ओल पितं आणि टायर पावासारखा फुगतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ओतकाम बंद.

भरलेल्या गाडीचा टायर जमिनीशी सुमारे २४ मिमी दबतो, १:२४ ला बरोबर एक मिमी. खालून एवढं घासलं की १३ मिमीचा सपाट पट्टा मिळतो. पट्टा त्याहून मोठा झाला की गाडी पंक्चर वाटते. पाट्यांसाठी ०.४ मिमी जाड, ३ मिमी रुंद पितळी पट्ट्या. मागचे पाटे जवळजवळ सरळ, पुढचे थोडी कमान राखून. मागची बाजू तीन मिमी बसली तरी नजरेला पुरते. हे सगळं जमल्यावर मगच चासीचे छेद पाडायचे, नाहीतर धुरा चुकीच्या उंचीवर जाते.

केबिनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १ मिमी स्टायरीन, आतून चौकट, पुटी, घासकाम. बोनेट उघडणारं हवं असेल तर इंजिन करावं लागतं आणि काम महिन्याभराने लांबतं.

रंगाला मात्र आपल्या हवेची दखल घ्यावीच लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात प्रायमर मॉडेलवर पोचायच्या आत वाळतो आणि पृष्ठभाग रवाळ होतो. म्हणून त्या दिवसांत फवारणी सकाळी नऊच्या आत. गंज मागणारे खूप, पण चालती गाडी आपल्या कोरड्या हवेत एवढी गंजत नाही. हौद्याच्या फळ्यांवर ओंडके घासल्याचे ओरखडे, पायरीवर घासून निघालेला रंग, आणि चाकांच्या वर मुरमाची पिवळसर धूळ. एवढ्यात भागतं. काळ्या मातीची धूळ वाळल्यावर काळी दिसत नाही, राखाडी दिसते.

पीएलए या प्लास्टिकचे थ्रीडी प्रिंट केलेले भाग आम्ही फक्त मापाच्या चाचणीसाठी ठेवले आहेत. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात, आणि मे महिन्यात भुसावळला उन्हात उभ्या बंद कारमध्ये तेवढं तापमान सहज होतं. चासी बसते आणि पुन्हा सरळ होत नाही. पाठवताना ओंडक्यांची मोळी वेगळ्या डब्यात आणि ट्रक चाकांवर न ठेवता चासीखाली फोमचा ठोकळा देऊन. साखळी आम्ही एका बाजूला अडकवलेली आणि दुसऱ्या बाजूला मोकळी ठेवतो. साखळीचा शेवटचा हूक घरी पोचल्यावर चिमट्याने लावायचा.