जॉर्ज मायकल आणि त्याला नकोशी झालेली प्रसिद्धी

२३ डिसेंबर, रात्री

डिसेंबर लागला की कुठेही जा, 'लास्ट ख्रिसमस' वाजतच असतं. आज किराणा घेताना दोनदा ऐकलं आणि घरी आल्यापासून परत ते गाणाऱ्या जॉर्ज मायकलच्या मागे लागलेय, भांडी तशीच पडलीयेत.

खरं नाव जॉर्जिओस पनायोटू, जन्म लंडनचा, वडील सायप्रसहून आलेले, रेस्टॉरंटवाले. १९८४ मध्ये आईवडिलांच्या घरी मित्र अँड्र्यू टीव्हीवर फुटबॉल बघत बसलेला आणि हा उठून वर गेला तो ह्या गाण्याची चाल घेऊनच खाली आला, नंतर रेकॉर्डिंगला वाद्यंही सगळी स्वतःच वाजवली. आणि एवढं करून गाणं ब्रिटनच्या चार्टवर नंबर दोनवर अडकलं!! कारण नंबर एकवर होतं इथिओपियाच्या दुष्काळासाठी बऱ्याच गायकांनी मिळून केलेलं बँड एडचं गाणं, आणि त्यात हा पण गायलाय, म्हणजे स्वतःच स्वतःला आडवा गेला. मग लास्ट ख्रिसमसचे पैसेही त्याने तिकडेच दिले. नंबर एक शेवटी आला तो २०२१ च्या जानेवारीत, तेव्हा हा जाऊन चार वर्षं झाली होती.

पण मला जास्त पटतो तो १९९० चा जॉर्ज. 'फेथ' अल्बममुळे जगाने डोक्यावर घेतलं होतं, ते लेदर जॅकेट, ती दाढी, पोरी वेड्या झालेल्या, आणि हा म्हणतो मी आता व्हिडिओत दिसणारच नाही. 'फ्रीडम'च्या व्हिडिओत नेओमी कॅम्पबेल, सिंडी क्रॉफर्ड वगैरे सुपरमॉडेल्स ओठ हलवतायत, हा कुठेच नाही, आणि तेच जॅकेट चक्क जळताना दाखवलंय. प्रसिद्धी नको म्हणण्यावर जुन्या पिढीतल्या दिग्गज गायकाने, फ्रँक सिनात्राने पेपरात जाहीर पत्र लिहून झापलं, मतलब असा की पोरा, नशीब समज, रिकाम्या हॉटेलात झाडूवालीसमोर गायची वेळ आली की कळेल. सिनात्रा असेल मोठा, पण मला ते टिपिकल काकांचं बोलणं वाटतं. गाणी करणार नाही असं कुठे म्हणाला होता तो? तोंड दाखवत फिरणार नाही एवढंच. पुढे स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीवर, सोनीवर केस केली, १९९४ ला हरला. १९९८ ला सार्वजनिक शौचालयात अश्लील वर्तन केलं म्हणून अटक झाली, त्यानंतर तर पेपरवाल्यांनी काही बाकी ठेवलं नाही, ह्याने त्या अटकेवरच एक धमाल गाणं काढलं.

आणि दुसरीकडे गुपचूप काय काय करत होता! 'जीझस टू अ चाइल्ड'ची रॉयल्टी मुलांच्या हेल्पलाइनला, २००६ ला नर्सेससाठी फुकट शो. एका टीव्ही शोमधल्या बाईला आयव्हीएफसाठी १५ हजार पौंड दिले, पण नाव सांगायचं नाही ही अट. २०१६ ला ऐन ख्रिसमसच्या दिवशी गेला, ५३ वय फक्त, मग एकेक बाहेर यायला लागलं.

आत्ता १९९२ च्या फ्रेडी मर्क्युरीच्या श्रद्धांजली कॉन्सर्टचा व्हिडिओ लावलाय (क्वीन बँडचा, आपल्या पाचगणीत शिकलेला फ्रेडी, हो तोच). 'समबडी टू लव्ह' गातोय आणि समोरच्या गर्दीत त्याचा जोडीदार अन्सेल्मो, ज्याच्या एचआयव्हीची भीती तेव्हा बाहेर कुणाला माहीत नव्हती. वेम्बली स्टेडियमवालं सगळेच बघतात, पण मला रिहर्सलवालं जास्त आवडतं. साधे कपडे, कुणाला दाखवायचं नाहीये, तरी गळा सोडून गातोय आणि बाजूला गायक डेव्हिड बोवी उभं राहून ऐकतोय.

ताईला लिंक पाठवली तर म्हणते, अगं तू बोवीलाच बघत बसलीस ना. असेल, बोवी आहे शेवटी.