वाट बांधणारे संत

वियाफ्रांका गाव मागे पडलं आणि चढ लागला. कामिनो म्हणजे स्पेनमधली सांतियागोला जाणारी जुनी पायी तीर्थयात्रा. तिच्यावरचा आमचा अकरावा दिवस. रात्रभर पाऊस झालेला, लाल चिखल बुटांना धरून बसलेला. ताईच्या टाचेला फोड आला होता. पुढे बारा किलोमीटर ओक आणि पाइनचं रान, मध्ये एकही गाव नाही. नऊशे वर्षांपूर्वी याच मोंतेस दे ओका डोंगरात लुटारू वाटसरूंना गाठायचे.

दोन दिवसांपूर्वी सांतो दोमिंगो दे ला काल्साडा गावात मुक्काम होता. तिथल्या कॅथेड्रलमध्ये जिवंत कोंबडा-कोंबडी ठेवतात, सगळे ती बघायला जातात. मला ओढ होती, ज्यांच्या नावाने हे गाव आहे त्या संत दोमिंगोंची (१०१९–११०९). सांगतात, दोन मठांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग ते ओखा नदीकाठी राहिले, रान तोडलं, पूल बांधला, फरसबंदी रस्ता केला, आल्यागेल्यासाठी धर्मशाळा उभारली. ‘काल्साडा’ म्हणजेच फरसबंदी रस्ता. स्पेनचे रस्ते-पूल बांधणारे इंजिनियर आजही त्यांना आपला संत मानतात.

आज निघालो होतो ते त्यांच्या शिष्याकडे, सान हुआन दे ओर्तेगा यांच्याकडे. जेरुसलेमहून परतताना त्यांचं जहाज वादळात सापडलं. त्यांनी संत निकोलसना नवस बोलला आणि वाचल्यावर या रानात त्यांच्या नावाचं देऊळ बांधलं. ओर्तेगा हे नाव अंगाची आग करणाऱ्या खाजऱ्या झुडपांवरून पडलं. तसल्या जागी कोण राहायला जाईल? ते राहिले, कारण वाटसरूला आसरा तिथेच हवा होता. मला हीच भक्ती सगळ्यात मोठी वाटते.

दुपारी चर्च दिसलं. आत गारवा, ओल्या दगडाचा वास. एका खांबाच्या माथ्यावर मरियेला देवदूत भेटल्याचा प्रसंग कोरलाय. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात, तेव्हा संध्याकाळी उन्हाची तिरीप नेमकी त्यावर पडते. आम्ही जूनमध्ये गेलो, तरी मान वर करून बराच वेळ बघत राहिलो. १४७७ मध्ये राणी इसाबेल इथे मुलासाठी साकडं घालायला आली होती. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव हुआन.

ताई सान हुआन यांच्या थडग्याजवळ गेली आणि पंढरपूरला टेकवते तसा दगडावर माथा टेकवला. बाहेर येऊन पायरीवर बसली, बूट काढला, फोडातून सुई-दोरा ओवला.

“उद्या किती?” तिने विचारलं.

“बुर्गोस. सव्वीस किलोमीटर.”

“पहाटे लवकर उठव मग.”