लाल पेन्सिलीची जाडी

भूमी अभिलेख खात्यात 31 वर्षं मोजणी केली. पेन्सिलीला टोक काढूनच नकाशाला हात लावायचा, ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. बांधावरून भावाभावांत कुऱ्हाडी निघालेल्या पाहिल्या आहेत. म्हणून 1940 च्या उन्हाळ्यातली, रुमानियाच्या सीमेवरच्या हर्त्सा नावाच्या पट्ट्याची हकिकत वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाही.

26 जून 1940 च्या रात्री मॉस्कोत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोवने रुमानियाचे राजदूत दाविदेस्कू यांच्यापुढे मागणीपत्र आणि एक नकाशा ठेवला. रुमानियाच्या ताब्यातले बेसाराबिया आणि उत्तर बुकोविना हे प्रदेश सोडा. बेसाराबिया 1812 पासून शंभरावर वर्षं रशियाकडे होता, तेव्हा त्या मागणीला जुना दाखला तरी होता. बुकोविना ऑस्ट्रियाकडे होता, रशियाकडे कधीच नाही. आणि नकाशावरची नवी हद्द आखली होती जाड लाल पेन्सिलीने.

दहा लाखास एक प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. नकाशाचं प्रमाण त्याहून लहान असेल, तर रेघेच्या जाडीखाली गावंच्या गावं जातात. हर्त्सा तशीच गेली. प्रुत नदीच्या दक्षिणेकडचा हा सुमारे 300 चौरस किलोमीटरचा तुकडा. ऑस्ट्रियाने बुकोविना घेतला तेव्हा तो मोल्दावियातच, म्हणजे पुढे रुमानियाचा भाग झालेल्या जुन्या संस्थानातच राहिला, रशियाने बेसाराबिया घेतला तेव्हाही राहिला. मागणीपत्रात त्याचं नाव नव्हतं, तरी सोव्हिएत फौज तिथे शिरली. कागदावर नसलेली जमीन अशी बळकावणं म्हणजे माझ्या लेखी सरळ दरोडा.

रुमानियाच्या सैन्याला लढायचा हुकूम नव्हता, मागे हटायचा होता. तरी हर्त्सात गोळीबार झाला. त्यात कप्तान योआन बोरोश पडले, आणि त्यांना वाचवायला पुढे झालेला यान्कू सोलोमोन नावाचा शिपाईही. सोलोमोन ज्यू होता.

पुढचं लिहिताना हात जड होतो. 1 जुलैला दोरोहोई गावात दोघांना मूठमाती द्यायची होती. सोलोमोनला लष्करी मानवंदना द्यायला ज्यू शिपायांचीच तुकडी त्यांच्या दफनभूमीत हजर होती. माघारीचं खापर ज्यूंच्या माथी फोडत, माघार घेणाऱ्या रुमानियन सैनिकांनी आपल्याच गणवेशातल्या त्या शिपायांवर गोळ्या झाडल्या. मग ते गावात घुसले. दिवसभरात पन्नासाहून अधिक ज्यू मारले गेले, बायकामुलांसकट. ज्यांनी हद्द गिळली त्यांच्यावर एक गोळी झाडायची परवानगी नव्हती. इथे मात्र कुणी परवानगी विचारलीही नाही.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर रुमानियाचा उत्तर ट्रान्सिल्व्हानिया हंगेरीला गेला, सप्टेंबरात दक्षिण दोब्रुजा बल्गेरियाला. 1947 च्या पॅरिस तहात ट्रान्सिल्व्हानिया परत मिळाला. हर्त्सा नाही मिळाली. ती आज युक्रेनच्या चेर्नीव्हत्सी प्रांतात आहे, आणि तिथल्या गावांत अजून रुमानियन बोलली जाते.