आइसलँडचा समान पगार: कायदा चालतो कसा, अडतो कुठे

आज २४ ऑक्टोबर. १९७५ साली याच दिवशी आइसलँडच्या सुमारे ९० टक्के बायकांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं. २०२३ मध्ये पुन्हा तसाच संप झाला, तेव्हाच्या पंतप्रधान कात्रीन याकब्सदोत्तिर स्वतः त्यात सामील. दिवसभर डोक्यात घोळतोय तो मात्र २०१८ पासून लागू झालेला त्यांचा समान वेतन कायदा.

त्याचं खरं मोल हे, की भांडायची वेळ बाईवर येत नाही. २५ किंवा जास्त कर्मचारी असतील तर सारख्या मोलाच्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखा पगार देतो, याचा पुरावा संस्थेनेच द्यायचा. आधी प्रत्येक कामाला जबाबदारी, कौशल्य, श्रम आणि कामाची परिस्थिती यांवर गुण. मग सारख्या गुणांच्या कामांचे पगार शेजारी-शेजारी मांडायचे. फरक निघाला तर पटेल असं कारण दाखवा, नाहीतर दुरुस्त करा. बाहेरचा परीक्षक तपासतो, तेव्हा तीन वर्षांचं प्रमाणपत्र. टाळाटाळ केली तर रोज ५० हजार क्रोनांपर्यंत (क्रोना म्हणजे तिथलं चलन) दंड!

अडतं ते इथे: तुलना एकाच मालकाच्या छताखाली होते. नगरपालिकेच्या बालवाडीत बहुतेक बायकाच. त्यांचा पगार शेजारच्या बँकेतल्या पगाराशी ताडायची सोयच यात नाही, आणि मोठी तफावत तर तिथेच आहे.